लिंबाच्या अळीचा फोटो

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, उतारा यातलं मी काही मानत नाही. आमच्या खानावळीच्या दारावर लिंबू-मिरचीसुद्धा नसते. लिंबं गिऱ्हाइकाला लागतात, दाराला कशाला?

खानावळ पन्हाळ्याच्या रस्त्यावर, पंचगंगेचा पूल ओलांडला की लगेच. मटणाची. मी गल्ल्यावर बसतो, बायको संगीता स्वयंपाक बघते. मागच्या अंगणात लिंबाचं झाड आहे आणि त्यावर त्या हिरव्या अळ्या... लहानपणापासून मला त्यांची भयंकर किळस.

ती किळस गेली कॅमेऱ्यामुळे. मॅक्रो लेन्स घेतली, दुपारच्या रिकाम्या वेळी झाडाखाली बसायला लागलो. जवळून बघितलं आणि अवाक झालो. मखमली अंग, पाठीवर नाजूक नक्षी आणि पानाच्या कडेनं चालताना अंगातून जाणारी ती संथ लाट — काय डौल होता! डिवचलं की डोक्यातून नारिंगी शिंग बाहेर काढायची आणि नासक्या लिंबासारखा घाण वास सोडायची. तरीही मी प्रेमात पडलो. एक फोटो मोठा करून, काचेच्या फ्रेममध्ये घालून वाढायच्या कट्ट्यावरच्या भिंतीला लावला. लोक त्याच्यासोबत सेल्फी काढायचे. संगीता मात्र म्हणाली, "अन्नाच्या डोस्क्यावर अळी? उतरवा ती." मी कशाला ऐकतोय!

थोड्याच दिवसांत कट्ट्यावर बारीक काळ्या गोळ्या दिसायला लागल्या. उंदीर म्हणावा तर उंदीर नाही, पाल नाही. कीटकनाशकवाला बोलावला, छत घासून घेतलं... तरी सकाळी गोळ्या असायच्याच.

मग व्हायचं तेच झालं. शिरोळकडचा एक ट्रॅक्टरवाला नेहमी जेवायला यायचा. पांढऱ्या रश्श्याचा घोट घेऊन तो काहीतरी चावत थांबला.

"मालक, मिरं हाय म्हणून चावलं. मिरं न्हाय की हे. लिंबाचा पाला खाल्ल्यागत लागतंय."

त्यानं बोटावर काढून दाखवलं. तीच काळी गोळी होती. ताट बाजूला सारून तो उठला. "रविवारी पोरं घिऊन येतो. नीट आसलं तर ठीक, न्हायतर सगळ्या रस्त्याला सांगतो." त्याचं तोंड म्हणजे चालता लाउडस्पीकर. खानावळीचं नाव गेलं तर आम्ही खायचं काय?

रविवारी दुपारी संगीतानं कट्टा पुसता पुसता गोळी हातात धरली. "ह्या अळीच्या लेंड्या हायत. झाडाखाली रोज झाडते की मी. ह्या कट्ट्यावर कुठनं आल्या?"

आम्ही दोघांनी एकदमच वर बघितलं.

मी कॅमेऱ्यातून मोबाइलवर घेतलेला मूळ फोटो उघडला. त्यात पान अख्खं होतं. फ्रेममधलं पान अर्धं खाल्लेलं. कड कुरतडलेली, अगदी ताजी. घाईघाईनं फ्रेम उतरवून मागचा पुठ्ठा काढला, तर आत खाली लेंड्यांचा थर आणि तो वास... नासक्या लिंबाचा. ज्या अळीला मी डौलदार म्हणत होतो, तिच्याकडं बघवेना. जाळूनच टाकणार होतो, तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबला. फोटोचा कागद तसाच कट्ट्यावर भिंतीला टेकवला आणि पाणी द्यायला धावलो. शेजारी पांढऱ्या रश्श्याचं पातेलं उघडं होतं.

पोरं जेवली. संगीता प्रत्येक वाटी उजेडात धरून, बघून देत होती. एकही गोळी नाही. ट्रॅक्टरवाल्यानं चार वाट्या रिचवल्या. "मालक, जिकलासा. आजचा पांढरा लई न्यारा झालाय." मग आमच्याही जिवात जीव आला. पातेल्यात उरलेला रस्सा आम्ही दोघांनी वाटून घेतला. खरंच न्यारा होता, कधी नव्हे एवढा.

ते गेल्यावर कागद जाळायला घेतला. त्यावर नुसतं देठ होतं. पान नव्हतं आणि अळीही नव्हती.

कट्टा, भिंत, फरशी, सगळं शोधलं. शेवटी संगीता पातेल्यापाशी गेली. आत बघितलं आणि मागच्या अंगणात जाऊन ओकायला लागली. पातेल्यात काही नव्हतं. आम्हीच पुसून खाल्लं होतं.

कागद मी जाळला. कॅमेरा कपाटात आहे. मोबाइलमधल्या फोटोत अळी आजही अख्ख्या पानावर डौलात बसलेली दिसते. छपाईचा दोष म्हणाल, तर लेंड्या कुठून आल्या? आम्हा दोघांना भास झाला म्हणाल, तर ट्रॅक्टरवाल्यानं काय चावलं?

त्या दिवसापासून पांढरा रस्सा आम्ही दोघंही तोंडात घालत नाही. ट्रॅक्टरवाला मात्र न चुकता येतो आणि दर वेळी तेच विचारतो, "मालक, त्या रविवारची चव पुन्ना न्हाय आली. त्या दिशी काय घातलंतासा?"