बाटलीतलं बाकीचं

माझ्या मोठ्या जाऊबाई, जिनशिया, यांच्याइतकी भित्री बाई तैवानातल्या आमच्या सबंध सिलुओ गावात सापडायची नाही, आणि नशीब बघा, त्यांच्याच गळ्यात विषाचं दुकान पडलं. सासऱ्यांनी काढलेलं. थोरले दीर भाजीच्या लिलावात रमलेले, म्हणून परवाना जाऊबाईंच्या नावावर निघाला. एकतीस वर्षं तो भिंतीवर टांगलेला आहे. पण विष म्हटलेलं त्यांना खपत नाही.

"औषध म्हण गं," त्या मला दटावतात. "जिभेला काही हाड आहे की नाही?"

आमची घरं भिंतीला भिंत लागून. आमचे हे गेल्यापासून मी दिवसभर दुकानातच असते. सकाळी शेतकरी येतात, कोबीचं पिवळं पडलेलं पान पिशवीतून काढून चहाच्या टेबलावर ठेवतात, आणि जाऊबाई चष्मा नाकावर ओढून ते उलटंपालटं करतात. मग आत जाऊन बाटली आणतात. नवखा कुणी असला तर बाटलीवरचं बारीक अक्षर वाचतो आणि विचारतोच, "वहिनी, औषध पाचच टक्के? आणि हे इतर घटक पंच्याण्णव टक्के, ते काय असतं?"

"ते काही नाही हो. औषध कशात तरी कालवायला लागतंच ना? सूपात मीठ चिमूटभर, बाकी पाणीच असतं की."

एकतीस वर्षं हे एकच उत्तर. त्या नसल्या की मीही हेच सांगायची, आणि ठसक्यात सांगायची.

त्या पाच टक्क्यांची मात्र त्यांना भयंकर धास्ती. दुकानातून घरात जाताना चपला बाहेर, कपडे वेगळ्या बादलीत, डोक्यावरून अंघोळ, मगच चुलीपाशी. सुनेला, पेइजुनला, दिवस गेले तेव्हा तर विचारूच नका. मुलगा, परवान्याच्या आधी जन्मलेला, आता भाजीचा ट्रक घेऊन तैपेईच्या फेऱ्या मारणारा, आठवड्यातले दोन दिवस घरी. म्हणजे पोरीची सगळी जोखीम सासूवर. पहिल्याच दिवशी दुकानाचा उंबरठा तिला बंद झाला. मग गर्भाच्या देवाचं पंचांग आलं. पोटुशी बाई असलेल्या घरात तो देव आज कपाटात, उद्या दारात, परवा पलंगात मुक्कामाला असतो. तिथे कात्री चालवली, खिळा ठोकला, की पोराच्या अंगावर खूण उठते म्हणतात. वादळात स्वयंपाकघराच्या खिडकीची फळी निखळली, तर तीन आठवडे ती धाडधाड आपटत राहिली. दिरांनी हातोडी उचलली की जाऊबाई मध्ये उभ्या.

"आई, मला झोप लागत नाही हो त्या आवाजानं," पेइजुन म्हणाली.

"झोप नंतर लागेल. पोर एकदाच घडतं."

आता स्टिकरचं सांगते. फवारणीच्या पाण्यात टोपणभर स्टिकर टाकला की औषध पानावरून ओघळत नाही, पानभर पसरून चिकटतं. आमच्याकडे हिरव्या झाकणाचा खपायचा. त्यात किडीचं औषध शून्य. बाटलीवर छापलेलंच होतं, इतर घटक शंभर टक्के. हाताला बुळबुळीत, फेस भरपूर, वास जवळजवळ नाहीच. चार बाटल्यांवर एक फुकट यायची आणि ती फुकटची बाटली घरात सिंकपाशी जायची. भांडी काय निघायची त्यानं! आणि भाजीही आम्ही त्यानंच धुवायचो. जाऊबाईंचं म्हणणं, "जे औषध चिकटवतं, तेच औषध सोडवतं." मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच मला शिकवलं होतं.

पेइजुनसाठी त्या दोनदा धुवायच्या. बाजारातली भाजी, कुणी काय मारलंय देव जाणे. रताळ्याचा पाला, पालक, कोवळा कोबी, सगळं हिरव्या झाकणात बुडवून चोळायचं, पाण्यातून काढायचं, पुन्हा बुडवायचं. चौथ्या महिन्यापासून पेइजुन स्वतःच धुवायला लागली. शहाणी पोर, सासूनं दोनदा सांगितलं तर ही तीनदा करायची.

परवाना टिकवायचा तर दर काही वर्षांनी जिल्ह्याच्या प्रशिक्षणाला बसावं लागतं. पेइजुनला विसावा आठवडा लागला होता तेव्हा आमची पाळी आली. शेतकरी संघाच्या सभागृहात साठ-सत्तर दुकानदार, निम्मे घोरतायत. शिकवायला एक तरुण मॅडम. तिनं पडद्यावर औषधाच्या बाटलीचं चित्र लावलं, त्यावरच्या पाच टक्क्यांवर बोट ठेवलं.

"किडा ज्यानं मरतो ते आपण इतकी वर्षं तपासत आलो," ती म्हणाली. "ते ज्यात कालवलंय ते फारसं कुणी तपासलं नाही. इतर घटक म्हणजे काहीच नाही, असा अर्थ होत नाही."

मग तिनं याद्या दाखवल्या. हे घटक अन्नपिकावरच्या औषधात अजिबात चालणार नाहीत. हे अमुक प्रमाणापर्यंत चालतील. हे निर्धोक. पहिल्या यादीत एक लांबलचक नाव होतं आणि त्यासमोर कुठल्या कुठल्या मालात ते सापडलं त्यांची चित्रं. तिसरं चित्र हिरव्या झाकणाचं. महिन्याच्या आत सगळ्या बाटल्या परत करायच्या, ती म्हणाली. हे रसायन शरीरात गेलं की बाईच्या अंगातल्या हार्मोनची नक्कल करतं, पोटातल्या बाळाचं जिथे जे घडायचं तिथे घोळ होण्याची शक्यता असते.

मागून एक म्हातारा दुकानदार म्हणाला, "मॅडम, आमची ही तर त्यानं भांडी घासते. अजून माझ्या डोक्यावर बसलीय."

सगळे हसले. मीही हसले. मॅडम हसली नाही. "आजपासून घासू नका, आजोबा. आणि घरात कुणी गरोदर असेल तर बिलकूल नको."

माझ्या मनगटावर जाऊबाईंचा हात आवळला. मी वळून पाहिलं तर चेहरा पांढराफटक. मी पुटपुटले, "विचारा ना मॅडमला." त्यांनी मान हलवली. साठ माणसांत विचारायचं म्हणजे सांगायचं. घरी येताना स्कूटरवर त्या माझ्या मागे बसल्या होत्या.

"माझ्या हातानं," त्या म्हणाल्या. "फळीला खिळा मारू दिला नाही मी. आणि माझ्या हातानं हे."

"अहो, आपण इतकी वर्षं वापरलं. काय झालं?"

"आपण पोटात नव्हतो."

मी एकदम रागावले. "हे बघा जाऊबाई, पोरीला सांगून काय मिळणार? गेलेलं परत येतंय का? उगाच तिच्या जिवाला घोर. गुपचूप बाटली फेका, पाण्यानं भाजी धुवा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्यांनी ऐकलं. माझं ऐकलं, हेच मला आज टोचतं.

त्याच संध्याकाळी सिंकपाशी असलेली बाटली त्यांनी उचलली. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "तुझीही फेकून दे." मी हो म्हटलं. फेकली नाही. माझा स्टिकर मी भांड्यांच्या साबणाच्या जुन्या बाटलीत काढून ठेवला होता, ती अजून अर्धी भरलेली होती. जीव झाला नाही. दुकानातल्या सगळ्या बाटल्या खोक्यांत भरून आठवड्यात परत गेल्या, यादीवर सही शिक्का झाला. सिंकखालच्या बाटल्या कुठल्याच यादीत नव्हत्या.

खोकी जायच्या आधी जाऊबाईंनी कंपनीला फोन लावला. मी शेजारी होते. किती टक्के होतं, पोटात किती गेलं तर बाधतं, एवढंच त्यांना हवं होतं. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. म्हणाला, "ताई, मिश्रण हे कंपनीचं गुपित असतं. मलाही माहीत नाही."

"पण माझ्या घरात..."

"लेबलवर लिहिलंय ताई, खाण्याच्या वस्तूंपासून दूर ठेवा."

खरंच लिहिलं होतं. एकतीस वर्षं विकलेली बाटली त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली.

प्रशिक्षणापासून मोठ्या तपासणीपर्यंतचे बारा दिवस त्यांचं अन्नावरचं मन उडालेलं होतं. भात चिवडायच्या आणि पेइजुनच्या पोटाकडे बघत बसायच्या. मंदिरात जाऊन कौल लावला. लाकडाचे दोन तुकडे टाकायचे. एक पालथा एक उताणा पडला तर देवाचं हो. तीनदा टाकले, तिन्ही वेळा दोन्ही उताणे. म्हणजे देव नुसता हसला, उत्तर काही दिलं नाही. पेइजुनला शंका आली. "काकू, आईंना बरं नाही का?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "वय झालं गं." मला लोणकढी थाप मारायला वेळ लागत नाही.

बाविसाव्या आठवड्याची मोठी तपासणी होती, बाळाचा एकेक अवयव बघतात ती. मुलगा ट्रकवर, म्हणून पेइजुनबरोबर आम्ही दोघी गेलो. डॉक्टर मध्यमवयाचे, शांत. पडद्यावर करडं करडं काहीतरी हलत होतं. पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडं, ते एकेक नाव घेत होते आणि जाऊबाई प्रत्येक नावाला श्वास धरून होत्या. "मुलगा आहे," डॉक्टर म्हणाले. "दिसतंय ते सगळं जागेवर आहे."

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटलो.

मग डॉक्टरांनी कागद पुढे ओढला, नेहमीचे प्रश्न सुरू केले. सिगारेट? नाही. दारू? नाही. कुठल्या रसायनांशी संबंध?

पेइजुन हसली. "डॉक्टर, आमचं औषधांचं दुकान आहे, पण आई मला उंबरठासुद्धा ओलांडू देत नाहीत. माझी आईसुद्धा एवढं जपणार नाही."

आणि तिनं सासूचा हात हातात घेतला. डॉक्टरांनी कागदावर 'नाही' लिहायला घेतलं.

"आहे," जाऊबाई म्हणाल्या.

मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी आपला पाय काढून घेतला. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली हिरव्या झाकणाची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. ती त्यांनी फेकलीच नव्हती, बारा दिवस जवळ बाळगली होती. मग सगळं सांगितलं. भाजी, दोनदा धुणं, प्रशिक्षण, कंपनीचा फोन. सांगताना एकदाही रडल्या नाहीत. पेइजुनचा हात केव्हा सुटला ते मला कळलं नाही.

डॉक्टरांनी बाटली फिरवून फिरवून वाचली. "यात नक्की काय आहे?"

"मला माहीत नाही. मी एकतीस वर्षं विकली, मला माहीत नाही."

"किती गेलं असेल?"

"तेही माहीत नाही. पण बारा दिवसांपूर्वी बंद केलं, डॉक्टर. कळलं त्याच दिवशी घरातून काढलं. तेव्हापासून एक थेंब नाही."

पेइजुनची नजर त्या बाटलीवर होती. "बंद कुठे झालं, आई?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "सिंकपाशी बाटली दिसली नाही, मला वाटलं संपली. तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता, म्हणून तुम्हाला त्रास नको म्हटलं. काकूंकडची आणली. आज सकाळीसुद्धा पालक त्यानंच धुतला, तीनदा."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला आठवलं. मी टीव्ही बघत होते, दारातून पेइजुन म्हणाली होती, "काकू, तुमचा साबण नेते हं," आणि मी नजर न वळवता म्हटलं होतं, "ने की." बसल्या जागी मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच, की आता थांबवा, तपासण्या वाढवू, आणि काही गोष्टी पडद्यावर दिसत नाहीत. त्या मूल मोठं होताना कळतात, किंवा कळतही नाहीत. त्यांनी 'नाही' खोडलं. पुढे काय लिहावं म्हणून पेन हातात धरून थांबले आणि शेवटी बाटलीचं नाव लिहिलं.

अजून नऊ आठवडे आहेत. पेइजुन माहेरी गेली नाही, भांडली नाही. जाऊबाईंशी जेवढ्यास तेवढं बोलते. जाऊबाईंनी ती बाटली माझी होती हे मला एकदाही बोलून दाखवलं नाही.

परवा दुपारी पेइजुन माझ्याकडे आली. मी शेंगा सोलत होते, तीही शेजारी बसून सोलायला लागली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही लग्न झाल्यापासून त्यानंच भाजी धुता ना?"

"हो गं."

"अठ्ठावीस वर्षं?"

"हो."

"मग तुम्हाला तर काही झालं नाही ना?"

तिला धीर हवा होता, मला कळत होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिचे हात थांबले. मग तिनं माझ्या घरभर नजर फिरवली. माझ्या चपलांची एक जोडी, ह्यांच्या जुन्या चपलांची एक, एक पलंग, भिंतीवर आम्हा दोघांचा एकच फोटो. आम्हाला मूल का झालं नाही, हे कुठल्याही डॉक्टरला कधी सांगता आलं नव्हतं.