एजेच्या तळणाचा वास

गेल्या महिन्यात ऑफिसच्या शटलमध्ये असताना आयजादाचा मेसेज आला, “मॉम इज गॉन.” आयजादा म्हणजे सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमधली समोरच्या दाराची शेजारीण. तिची आई ती आमची एजे. किर्गिझ भाषेत एजे म्हणजे ताई. सत्तरीच्या बाईला ताई कसं म्हणायचं, म्हणून मी मावशी म्हणून पाहिलं, तर तिने साफ नकार दिला होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी आणि माझा नवरा निखिल तिच्याबरोबर तिच्या देशात जाणार होतो. तिथे काय खायचं-प्यायचं हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. डोंगरातल्या तंबूत गेलं की कुमिस प्यायचं, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, आणि पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायचं नाही. खास पाहुण्यांसाठी बेशबरमाक, उकडलेलं मटण आणि रुंद शेवया. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर तिने इतक्या दयेने पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग तुम्हाला तंदूरमधला नान, घट्ट साय, मध... आणि चहा, तिने तोडगा काढला. चहा बिनकानाच्या वाटीत आणि अर्धाच. वाटी काठोकाठ भरली की पाहुण्याने आता उठावं असा अर्थ. अर्धी दिली की पुन्हा ओतता येते, माणूस बसून राहतं.

मला ती खरी कळली ती माझी आई तिकडे नागपूरला वारली तेव्हा. माझ्या व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलेलं, मी गेले असते तर परत येता आलं नसतं. अंत्यदर्शन फोनच्या स्क्रीनवर घेतलं. आमच्याकडे सुतकात कढई चढत नाही, त्यामुळे घरात वरणभात, तोही घशाखाली उतरत नव्हता. तिसऱ्या दिवशी एजे परात घेऊन आली. बोर्सोक, आपल्या शंकरपाळ्यांसारखे कापलेले पण उशीसारखे टम्म फुगलेले, तळलेले. निखिल चपापला. एजेने टेबलावर कापड पसरलं, सगळे त्यावर ओतले आणि खिडकी उघडली. आयजादाने समजावून सांगितलं: आमच्यात माणूस गेलं की तळतात, गरम तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो, तेच त्यांचं जेवण. आई तर तिकडे नागपूरला, मी म्हटलं. एजेने माझा हात धरला. “स्मेल... नो व्हिसा,” ती म्हणाली. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले, आणि चार घास खाल्लेही.

पुढे तिचं आजारपण सुरू झालं. मरणाचं तिला फारसं भय नव्हतं. आपल्यामागे इथे तळणार कोण, ही चिंता मात्र होती. आयजादाने कढई कधी हातात धरली नव्हती आणि तिच्या घरातला स्मोक अलार्म नुसत्या टोस्टलाही बोंबलायचा. शेवटच्या भेटीत एजेने मला विचारलं, “यू मेक? फॉर मी?” मी हो म्हटलं. तिने माझा हात थोपटला.

दफन झालं त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, तिच्याकडे गेलेल्यांसाठी तळणाचा वास काढायचा वार म्हणून, मी कणीक... नाही, मैदा भिजवला. दुःखाच्या दिवसात तेल तापवताना हात अडखळला. आईने काय म्हटलं असतं, असं मनात आलंच. तरी पहिला घाणा सोडला आणि खिडक्या सताड उघडल्या. बोर्सोक फुगले, पण एजेसारखे नाहीत. मला तिची फार आठवण आली. थोड्या वेळाने दार वाजलं. आयजादा होती, ऑफिसची बॅग खांद्यावरच.

“पार्किंगमध्ये आले तर वास आला,” ती इंग्रजीत म्हणाली. “आय थॉट शी वॉज होम.”

मी तिला आत घेतलं. टेबलावर कापड पसरून बोर्सोक ओतले. एजेच्या वाट्या आता माझ्याकडेच असतात. त्यातली एक तिच्यापुढे ठेवली आणि चहा ओतला, अर्धाच.