माईक बंद असलेला चौथा

माझा विश्वास उडाला तो एका कॅसेटमुळे. लहानपणी धारूरच्या बाजारात टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा मिळायचा. त्याच्या पिवळ्या कॅसेटवर खेळांचा आकडा एवढा मोठा छापलेला असायचा की तो वाचतानाच दम लागावा. मी दोन दिवस जेवणावर रुसून ती घरी आणवली. लावून बघतो तर तेच पाच-सहा खेळ, नावं बदलून, रंग बदलून पुन्हा पुन्हा. रणगाडा निळा असला की एक खेळ, हिरवा असला की दुसरा. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "एवढे खेळ हायत, खेळ की गप." खेळावर जीव जडला आणि खेळ बनवणाऱ्यांवरचा विश्वास गेला, हे दोन्ही माझ्या बाबतीत एकाच संध्याकाळी झालं.

त्यात आमचं घर दुकानदारांचं. धारूरच्या पेठेत किराणा आहे. नोट घेतली की आधी उजेडाकडे धरायची, पोतं आलं की वरचं सोडून तळातलं धान्य बघायचं, ही सवय आम्हाला कुणी शिकवत नाही, ती अंगातच येते. गल्ल्यावर बसून मी मोबाईलवर लढाईचा खेळ खेळतो, तेव्हाही माझ्यातला दुकानदार उठून बाजूला जात नाही.

हा खेळ ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चौघांची एक टोळी विमानातून एका बेटावर उडी मारते. बेटावर रिकामी घरं, घरांत बंदुका. शेवटी जी टोळी जिवंत उरेल ती जिंकली. एवढंच. पण हा खेळ माणसाला कसं बघायचं ते शिकवतो. दार उघडं आहे म्हणजे आत कुणीतरी येऊन गेलंय. दार बंद आहे म्हणजे आत येऊन कुणीतरी ते मुद्दाम लावलंय. झुडूप हललं तरी शंका, हललं नाही तरी शंका. आता मला नेकनूरकडच्या रस्त्यावर शेतातली एखादी पडकी कोठी दिसली तरी आधी तिच्या खिडक्या मोजाव्याशा वाटतात. कंपनीवरही माझा संशय आहे. सलग चार वेळा हरलो की पाचव्या डावात समोर अशी येडी माणसं येतात की ती भिंतीवर गोळ्या मारत बसतात. ती माणसं नसतातच. आपण खेळ सोडून जाऊ नये म्हणून कंपनीनं सोडलेल्या त्या खोट्या बाहुल्या असतात. माझा चुलतभाऊ बीडला क्लासमध्ये गणित शिकवतो, तो मला शंकासुर म्हणतो. म्हणो बापडा. आमच्याकडे या सगळ्या जगाला तसंही एकच वाक्य आहे, "ते गेम खेळतंय." 'ते दारू पितंय' म्हणावं अगदी त्याच सुरात.

आमच्या टोळीत मी, हा चुलतभाऊ, त्याच्याच खोलीवर राहणारा त्याचा मित्र आणि चौथा चकलांब्याचा. चौथ्याला आम्ही कधी बघितलेलं नव्हतं. एका डावात योगायोगानं आमच्यात आला, माईकवर आपली बोली ऐकू आली, आम्ही विचारलं, "कुठला बे तू?" तो म्हणाला, "चकलांब्याचा." तेव्हापासून त्याचं नावच चकलांबा पडलं. दिलखुलास माणूस. डाव सुरू झाला की ओरडायचा, "चला बे, घुसू!" आणि घुसायचा. आणि सगळ्यांत आधी मरायचा. मग मेल्या मेल्या आमच्याशी गप्पा मारत बसायचा.

दसऱ्यानंतर तो ऊसतोडीला गेला, कोल्हापूरकडे. जाताना म्हणाला, "रेंज आसंल तसा येत जाईन." आणि तिथून पाणी मुरायला लागलं.

त्याचा आयडी यायचा, पण काही संध्याकाळी माईक बंद. आणि माईक बंद असला की तो चकलांबा नसायचाच. घुसणं नाही, घाई नाही. गवतात असा पडून राहायचा की आम्हाला वाटायचं रेंज गेली. शत्रूची टोळी निवांत चालत यायची आणि एकेक करून आडवी व्हायची. आमच्यातला कुणी पडला तर आधी धूर सोडून त्याला उठवायचा, मग बंदूक उचलायचा. दुसऱ्या दिवशी माईक चालू, की पुन्हा आपलं "चला बे, घुसू!" आणि आडवा.

मला वाटलं, हॅक घेतलाय. पण हॅकवाला पडून कशाला राहील? तो भिंतीपलीकडूनच मारतो. मग वाटलं, आयडी विकला असेल. म्हणून मी सापळा लावला. माईक चालू असताना त्याला एकट्याला सांगितलं, उद्या आपण बंदरावर उतरायचं, बाकीच्यांना बोलू नकोस. दुसऱ्या दिवशी माईक बंद होता, आणि विमान बंदरावर आलं तेव्हा सगळ्यांत आधी उडी त्याची. म्हणजे आयडी परक्याकडे नव्हता. मग मला आणखीच वाईट शंका आली. हा एकच माणूस आहे आणि आपल्यापुढे मुद्दाम वाईट खेळतोय. कावून? दुसऱ्या टोळीशी याचं काहीतरी ठरलंय.

हे एवढं मनाला लावून घ्यायचं कारण होतं. गुढीपाडव्यानंतर बीडच्या एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. जिंकणारी टोळी पुढच्या फेरीला संभाजीनगरला जाणार. आमची ती पहिलीच स्पर्धा. चुलतभावानं चौघांची नोंदणीही करून टाकली होती. नियम एकच कडक होता, एक आयडी, एक खेळाडू, गडबड निघाली तर अख्खी टोळी बाद. चौथ्या खुर्चीवर नेमकं कोण बसणार हे कळल्याशिवाय मी बीडला पाऊल ठेवणार नव्हतो. मी जाहीर केलं, चकलांब्याला काढा, दुसरा बघू. चुलतभाऊ म्हणाला, "आधी तोंड तरी बघ की त्याचं."

गडी गावी परतल्याचं कळलं तसा दुकान बाबांवर सोडून मी निघालो. बीड, तिथून गेवराई, पुढं जीप. चकलांब्याच्या फाट्यावर एक उंच, किडकिडीत, उन्हानं रापलेला माणूस हात हलवत उभा होता. आवाजावरून ओळखला. मिठीच मारली त्यानं. मला तेही जरा जास्तच वाटलं.

घरी त्याच्या बायकोनं चहा आणला. मी कपाला हात न लावता म्हणालो, "फोन दाखव." त्यानं लगेच दिला. मी खेळाच्या सेटिंगमध्ये गेलो. पडद्यावर गोळी झाडायचं, पळायचं, वाकायचं बटण कुठं ठेवायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि ज्याच्या त्याच्या अंगठ्याप्रमाणे ते बसतं. याच्या फोनमध्ये अशा दोन मांडण्या होत्या. एकीत बटणं मोठाली, उजवीकडे. दुसरीत छोटी, आणि गोळीचं बटण डाव्या अंगठ्याखाली. मला चोर सापडल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

"हा डावखुरा कोण?" मी विचारलं.

"ही की," तो म्हणाला, आणि बायकोकडे बोट केलं.

मी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा फोनकडे. तो माझ्याकडे बघून गोंधळला. "तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?"

"कसं माहीत असणार? तू सांगितलंस कधी?"

"त्यात सांगायचं काय? तिकडं फडात आमी दोघं मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, मोजतो तो बी कोयताच. ती मोळ्या बांधती, मी गाडीत चढिवतो. मी गाडी भरायला गेलो की फोन हिच्याकडं, ही भाकरीला बसली की माझ्याकडं. एका कोयत्याला आयडी दोन कशाला?"

माझ्या सगळ्या संशयात हा एक संशय नव्हता. मी आयुष्यभर किराणा तोलला, पण नवरा-बायकोला एकच नग धरायचं माझ्या डोक्यात आलं नसतं. आणि त्याच्या डोक्यात ते दोन आहेत असं आलं नव्हतं. तो लपवत नव्हताच. लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. एवढा मोकळा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता, म्हणून तर मला तो लबाड वाटला होता.

"वैनी, माईक का बंद ठेवता?" मी विचारलं.

"एकदा चालू केलता," ती म्हणाली. "दुसरीच कोणतरी पोरं हुती टोळीत. बाईचा आवाज ऐकल्यावर खेळ सोडून माझ्याशीच बोलाया लागली. तवापास्नं बंद."

"आणि एवढं पडून राहायला कुठं शिकलात?"

"उसाच्या पाचटात सापकिरडू आसतंय, दादा. आदी बघायचं, मग हात घालायचा. ह्यांना कितींदा सांगितलं." नवरा खळखळून हसला. मग मी चहा प्यायलो. गार झाला होता, पण चांगला होता.

स्पर्धेला वैनींनी बसायचं असं तिथंच ठरलं. आयडीवर त्या दिवशी एकच जण बसला की नियम पाळला, असा माझा हिशोब. तोच पहिल्यांदा म्हणाला, "हीच बसू द्या, मी टाळ्या वाजवीन." मी चोरून त्याच्या तोंडाकडे बघत होतो, पण कुठं आठी दिसली नाही.

बीडच्या त्या मंगल कार्यालयात स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या जागी आठ टेबलं मांडली होती. रंगीत दिव्यांचे हेडफोन गळ्यात घातलेली पोरं एकमेकांना इंग्रजी नावांनी हाका मारत होती. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसानं आमच्याकडे बघितलं, वैनींच्या डोक्यावरच्या पदराकडे बघितलं.

"ह्या कोण? पाव्हण्या का?"

"खेळणार आहेत," मी म्हणालो.

त्यानं लॅपटॉपवर बोट ठेवलं. "हा आयडी ह्यांच्या मालकाच्या नावावर नोंदवलाय. आधार बी त्यांचंच. ज्याचा आयडी तोच बसंल."

मी भांडलो. चुलतभाऊ भांडला. तो माणूस वैनींना म्हणाला, "ताई, तुमचा सोताचा आयडी आसंल तर सांगा, पुढल्या बारीला घेऊ." त्यात वाकडं काही नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

चकलांबा खुर्चीवर बसला. वैनी समोर लोकांत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. मोठ्या पडद्यावर डाव दिसत होता. मला खेळायचं सोडून सारखं तिच्याकडे बघावंसं वाटत होतं. तिचे दोन्ही अंगठे मांडीवर हलत होते. एका दुमजली घराजवळ आम्ही पोचलो तेव्हा तिचे ओठ हलले, "पडून ऱ्हावा." एवढ्या कालव्यात ते त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तो घुसला. जिन्यात दोघे टपून बसले होते. त्याच्या पाठोपाठ आम्हीही गेलो. पहिल्याच फेरीत बाहेर.

बसस्टँडवर गेवराईच्या गाडीची वाट बघत आम्ही उभे होतो. चुलतभाऊ आणि त्याचा मित्र वडापाव आणायला गेले होते. मग वैनी मला म्हणाली, "दादा, मला नवा आयडी काढून द्या. माझ्या नावाचा."

"आगं, पार पयल्यापास्नं सुरू करावं लागंल," तो म्हणाला. "जुन्यावर एवढं मिळिवलेलं, त्याचं काय?"

"ते तुमच्या नावावर हाय. ऱ्हाऊ द्या तुमालाच." ती रागावून बोलली नाही. भाकरी ताटात वाढावी तसं बोलली.

मी तिथंच उभ्या उभ्या तिच्या नावानं आयडी काढला. तिनं दोनदा नाव वाचून बघितलं आणि मगच बटण दाबलं. तो आमच्या दोघांच्या मध्ये वाकून बघत होता. मग सरळ उभा राहिला.

"आता आपण पाच झालो," तो म्हणाला. "टोळी तर चौघांची. चौथं कोण?"

हे विचारताना तो हसत होता. मला विचार करायला वेळ घेता आला असता. चुलतभाऊ येऊ दे, मग बघू, असं म्हणता आलं असतं. दुकानात मी गिऱ्हाइकाला साध्या साबणाचा भाव सांगतानाही इतका सरळ बोलत नाही.

"वैनी," मी म्हणालो.

त्याचं हसू लगेच गेलं नाही, तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यात तो नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग तिच्या हातातल्या फोनकडे. मग पुन्हा माझ्याकडे, जरा डोळे बारीक करून, मी नोट उजेडाकडे धरतो तसं.

"तुमी घरी आलता," तो सावकाश म्हणाला, "तवाच दोघांनी हे ठरिवलतं का?"

वैनी म्हणाली, "काय बी काय बोलताय?" मी म्हणालो, "नाही रे. शप्पथ." आणि ते खरं होतं. तो मान हलवून "बरं" म्हणाला. माझा जन्म माणसांचं खरं-खोटं ओळखण्यात गेलाय, म्हणून सांगतो, त्याला माझं पटलं नव्हतं.