मस्कतवाल्या मावशीची खोली

मावशीला एक प्रश्न अजिबात खपत नसे. "कवा जाणार?"

दोन वर्षांतून एकदा ती मस्कतहून रजेवर यायची. मुंबईपासूनच्या प्रवासाने अंग आंबलेलं, हातात दोन भल्यामोठ्या बॅगा. तासगावहून येणाऱ्या एसटीतून ती गावात उतरते न उतरते तोच थांब्यावरचं कोणीतरी तोंडभर हसून विचारायचं, "आलीस व्हय? किती दिस हायस? कवा जाणार?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसायचं. परदेशातून आलेल्या माणसाला आपण हेच विचारतो. पण मावशी बॅगा धप्पकन खाली ठेवायची आणि सुटलेल्या एसटीकडे हात करून म्हणायची, "आत्ताच जाते. थांबवा ती यष्टी!" विचारणारा ओशाळून तंबाखू मळायला लागायचा. मग घरापर्यंत तिची बडबड चालायची. "पाणी इचारत न्हाईत, जायची तारीख इचारत्यात. मी काय पाव्हणी हाय? माझी नाळ पुरलीया हितं."

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आम्ही मिरजेत राहायचो, आणि तिचं माहेर, म्हणजे माझ्या मामाचं घर, तासगावजवळच्या गावात, आमच्या बौद्ध वस्तीत. लग्न होऊन गेली ती वर्षभरातच परत आली. का, ते तिने कधी सांगितलं नाही. फार खोदून विचारलं तर म्हणायची, "भाकरी गोड लागंना." मग आमच्याकडे राहून ती मिरजेत नर्सिंग शिकली आणि कुवेतची लढाई पेटली त्याच सुमारास मस्कतला निघाली. आखातातून लोक बोचकी घेऊन परत येत होते आणि आमची मावशी तिकडच्या विमानात बसायला चालली होती. सगळी वस्ती समजावायला आली. तिने सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाली, "बॉम्बला माझा पत्ता ठावं न्हाई. हितल्या लोकांस्नी हाय. मग कुणाला भ्यायचं?"

परदेश कसा असतो, या प्रश्नाला तिची उत्तरं फार लांब नसत. "आपलं दहिवडीकडचं माळरान घ्या, त्याला कडंनं समुद्र लावा. झालं मस्कत." बाहेर भट्टी आणि आत एसीची हुडहुडी, मधलं काही नाही, असं ती सांगे. नर्सांच्या वसतिगृहात केरळच्या एलियाम्माबरोबर ती एका खोलीत राहायची. तिथे विजेच्या शेगडीवर भाकरी काही केल्या फुगायची नाही, हे तिचं मोठं दुःख होतं. रजेवर आली की चुलीवरची पहिली भाकरी टम्म फुगली की ती लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायची. आणि परत जाताना बॅगेत जोंधळ्याचं पीठ आणि कांदालसणाची चटणी कोंबायची. मामा बेदाण्याच्या शेडवर कामाला होता. विमानवाले जास्तीचं वजन घेत नाहीत म्हणून मावशीची बॅग शेडच्या काट्यावर चढायची. काटा पुढे गेला की मावशी साड्या काढून ठेवायची. पीठ कधी काढलं नाही.

तिथल्या मराठी मंडळाची गोष्ट तर ती अगदी रंगवून सांगायची. कुणीतरी आग्रहाने तिला हळदीकुंकवाला नेलं. दारातच एका बाईंनी विचारलं, "आडनाव काय तुमचं?" आडनाव ऐकल्यावर त्या बाई जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे... मूळचे कुठले तुम्ही?" मावशी म्हणाली, "मी मोठ्यानं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, गावातली वस्ती बी सांगितली. म्हटलं जय भीम, आता जेवायला वाढा." आणि श्रीखंड-पुरी दोनदा मागून खाल्ली. "समुद्र वलांडून आल्यात, पर आडनाव इचारायचं काय वलांडलं न्हाई," असं म्हणून ती खो खो हसायची. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही, तरी ती गेली. श्रीखंड चांगलं होतं म्हणाली.

ती आली की संध्याकाळी बॅगा उघडायचा सोहळा व्हायचा. वस्तीतली सगळी माणसं अंगणात बसायची आणि मावशी एकेक वस्तू काढून हातात द्यायची. साबण, अत्तर, विजेऱ्या, डोकेदुखीचं मलम. मामाच्या घरासाठी थर्मास, काचेच्या बशा, सोनेरी कडांचे कप. देताना दम भरायची, "वापरा हं. ठिवून दिलं तर परत घिऊन जाईन." लोक "व्हय व्हय" म्हणायचे आणि घरी जाऊन सगळं जपून ठेवायचे. तिने दिलेला साबण कित्येक घरांत वेष्टणासकट दोन-दोन वर्षं दरवळत असायचा.

जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा मावशी मस्कतलाच होती. तिने कॅसेट भरून पाठवली. तेव्हा आखातातली माणसं पत्राऐवजी कॅसेटवर बोलून पाठवायची. सगळी वस्ती टेपरेकॉर्डरभोवती बसली. कॅसेटमधून मावशी ठणठणीत आवाजात सांगत होती, "मागल्या अंगाला माझी एक खोली. उगवतीला खिडकी. दार भाईरनं येगळं. मी म्हातारपणी हितंच ऱ्हाणार हाय." आवाज ऐकून बायका रडल्या. ती कॅसेट तीनदा लावली गेली, त्यामुळे ऐकलं नाही असं म्हणायची सोय कोणालाच नव्हती.

घर झालं आणि मावशी रजेवर आली. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टी होती म्हणून आईबरोबर गेले होते. घर देखणं झालं होतं. मोठा हॉल, चकचकीत फरशी, आणि एक अख्खी भिंत भरून काचेचं शोकेस. त्यात थर्मास, बशा, सोनेरी कडांचे कप आणि अत्तराच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी पांढऱ्या गणवेशातल्या मावशीचा मोठा करून घेतलेला फोटो होता. त्या फोटोला लालभडक प्लॅस्टिकच्या फुलांचा हार घातला होता.

मावशी त्या फोटोसमोर उभी राहिली. पाठीमागे सगळी वस्ती. "ह्यो हार कुणी घातला?"

"मी घातला, आक्का," मामी कौतुकाने म्हणाली. "तुमीच मागल्या बारीला धाडल्यालं. तसबिरीला घालून एक उरला व्हता. किती शोभतोय बगा!"

शेजारचे दगडूतात्या खाकरले. "आगं पोरी, फोटूला हार मेल्याल्या माणसाच्या घालत्यात."

मामीचा चेहरा पडला आणि ती रडायलाच लागली. मावशीने तिला जवळ घेतलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग खुर्चीवर चढून तो हार काढला आणि स्वतःच्याच गळ्यात घातला. "मी जिती हाय, एवढं कळू दे समद्यांस्नी." त्या संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांना ती नव्या सरपंचासारखी हार घालून भेटली. जेवलीसुद्धा हार घालूनच.

जेवण झाल्यावर मात्र तिने मामाला विचारलं, "माझी खोली कुठली?"

"समदं घर तुजंच की, आक्का."

"समदं घर माझं म्हंजे एक बी खोली माझी न्हाई. माझं दार कुठलं, ते दाव."

मामा चिडूनच म्हणाला, "तू दोन वर्सांनी म्हैनाभर येणार. रिकाम्या खोलीत काय कबुतरं पाळायची? हॉल मोठा पायजे. चार माणसं येत्यात, तुजंच नाव निघतंय त्यात."

"नाव निघाया म्या मेले न्हाई अजून. मला अंग टाकाया जागा पायजे, बाबा." एवढं बोलून तिने हॉलच्या कोपऱ्यात बॅगांशेजारी चटई अंथरली. मला त्या क्षणी मामाचा भयंकर राग आला आणि अजूनही आठवलं की येतो. माणूस मायेने हार घालतो आणि त्याच घरात अंथरुणाला जागा ठेवत नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता मी स्वतः परदेशात राहते, आता कळतं.

दुसऱ्या दिवशी मावशीने शोकेस उघडलं. सगळे कप काढले, धुतले, आणि वस्तीला चहाला बोलावलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सोनेरी कडांचे ते कप दोन्ही हातांनी धरून चहा प्यायला. एकाच्या हातून कप निसटला आणि फुटला. मामीने "आगं आई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. मावशी म्हणाली, "फुटला म्हंजे वापरला. चांगलं झालं." रिकाम्या शोकेसमध्ये तिने आपल्या साड्या, गणवेश आणि टॉवेल रचले आणि हॉलच्या मधोमध गादी टाकून मुक्काम ठोकला. येणारा-जाणारा तिला ओलांडून आत जायचा. मामाने दोन दिवस सहन केलं.

तिसऱ्या दिवशी तिने गवंड्याला बोलावलं. शोकेस काढायचं, हॉलच्या मधून भिंत घालायची, उगवतीला खिडकी फोडायची, बाहेरून दार. मामा म्हणाला, "निम्मा हॉल जाईल. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बहिणीला खोली दिली. चांगलंच म्हणतील की!"

"अन् पाव्हणं आलं तर?"

"पाव्हणं जात्यात, रं. मी पाव्हणी न्हाई."

मामाने तिच्याशी बोलणं सोडलं. घर म्हणजे रणांगण झालं होतं. रजा संपत आली होती आणि मावशी पदर खोचून गवंड्याच्या हाताखाली विटा देत होती. काम अर्धवट टाकून गेलं तर पुढच्या वेळी तिथे पुन्हा शोकेस असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दार बसलं तेव्हा गिलावा अजून ओला होता. तरी निघायच्या आधी एकदा ती त्या खोलीत झोपलीच. सकाळी तिला सपाटून सर्दी झाली होती आणि चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा होता.

जाताना तिने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मामी म्हणाली, "आवं आक्का, किल्ली तरी ठिवा. झाडलोट करीन."

"बसू दे धूळ. माझ्या खोलीत माझी धूळ."

ती किल्ली मस्कतमध्ये तिच्या गणवेशाच्या खिशात कात्रीशेजारी असायची. एलियाम्माने एकदा विचारलं, ही कसली किल्ली? मावशीने सगळी कथा सांगितली. एलियाम्मा ऐकता ऐकता रडायला लागली. तिनेही गावाकडे दुमजली घर बांधलं होतं आणि रजेवर गेली की आईच्या खाटेशेजारी चटई टाकून झोपायची. "मग मी तिला रडू दिलं थोडं," मावशी सांगायची, "अन् म्हटलं, आता उठ अन् गवंड्याला फोन लाव."

नव्वदचं दशक सरता सरता ती कायमची परत आली. तिथले लोक राहा म्हणत होते, इकडे मामाही म्हणत होता की आणखी दोन वर्षं काढ. तिने कुणाचंच ऐकलं नाही. एसटीतून उतरली तर थांब्यावर दगडूतात्याच बसलेले. सवयीने त्यांनी विचारलं, "कवा जाणार?" मावशी म्हणाली, "मी आता जात नस्ते. तुमी कवा जाणार ते सांगा, तात्या." तात्यांना हसता हसता ठसका लागला. मावशीनेच त्यांची पाठ चोळली.

पुढे मीही नर्स झाले आणि आयर्लंडला जायची वेळ आली. मिरज स्टेशनवर निरोप द्यायला मावशी आली होती. मला वाटलं पीठ-चटणी असेल, तर तिने पदराच्या गाठीतून ती किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, "अगं, ही मला कशाला? तुझी खोली आहे."

"मी आत असते. मला आतनं कडी हाय," ती म्हणाली. "भाईर जाणाऱ्याला किल्ली लागती. हितं तुजं म्हणून एक दार पायजे, पोरी. न्हाईतर फोटूला हार घालून मोकळी हुत्यात माणसं." गाडी हलली तरी ती रडली नाही. मीच वेड्यासारखी मुंबईपर्यंत रडत होते.

ती गेली तेव्हा मी वेळेवर पोचू शकले नाही. दोन दिवसांचा ताप, मिरजेचा दवाखाना आणि संपलं. मी गावात पोचले तेव्हा सगळे विधी उरकले होते. हॉलमध्ये तिचा फोटो होता तिथेच होता. टेबलावर खऱ्या फुलांचा हार पडून सुकला होता. मामा आता थकला होता. मान खाली घालून म्हणाला, "दोनदा हात वर केला. घालू वाटंना. भांडायला उठल, वाटलं." मी म्हटलं, "राहू दे, मामा."

तिच्या दाराला तेच जुनं, दाबलं की बसणारं कुलूप होतं. तिला दवाखान्यात नेलं त्या दिवशी मामानेच ते लावलं होतं. किल्ली माझ्याकडे, परदेशात, हे त्याला ठाऊक होतं. "तुज्याबिगर कोण उघडणार?" एवढंच तो म्हणाला. खोलीवरून आयुष्यभर भांडलेला माझा मामा.

मी बॅग उचलून अंगणात आले तर शेजारची काकू कुंपणाशी उभी. डोळे पुसत तिने मला जवळ घेतलं आणि विचारलं, "आलीस व्हय, बाळ? किती दिस हायस? कवा जाणार?"

मी बॅग धप्पकन खाली ठेवली.

"ठरवलं न्हाई, काकू," मी म्हटलं. "आदी माझी खोली उघडते."