लिंबावरची उपरणी

पहाटे परभणी स्टेशनावर उतरले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढे गाव आहे की नाही याचीच शंका यावी. आधी चहावाल्याचा आवाज आला, मग कप आला आणि सगळ्यात शेवटी चहावाला दिसला.

मी चिपळूणची. शाळेत खेळाची बाई म्हणून हयात गेली. आमच्या मैदानावरचे दोन प्रशिक्षक गेल्या निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. एक या फाटकाने येतो, दुसरा त्या, आणि मुलंही तशीच वाटली गेली आहेत. हे रडगाणं मी फोनवर शकूला ऐकवलं. शकू माझी कॉलेजातली मैत्रीण, झरीला मुलींना कबड्डी शिकवते. ती म्हणाली, "नले, तू इकडंच ये. आमच्याकडं बी निवडणूक लागलीय. बघ तरी आमी काय करायलोत ते."

पण थेट झरीला यायचं नाही, असाही तिचा हुकूम होता. तिचा भाऊ सोनपेठला वस्ताद (कुस्तीचा गुरू) आहे, आधी त्याची तालीम बघायची. एसटीच्या खिडकीतून काळी रानं सरकत होती. वेचून झालेल्या पऱ्हाटीवर (कपाशीच्या झाडांवर) कापसाचे चुकार पुंजके अडकले होते. धुक्यात ते आपल्या आपण तरंगत असल्यासारखे वाटत होते.

तालमीत तेल-हळद घातलेल्या मातीचा वास भरून राहिला होता. भिंतीवर मारुतीच्या शेजारी एका पुढाऱ्याचा फोटो, हारासकट. मी तिकडे बघतेय हे वस्तादांनी ओळखलं.

"ताई, पैलवानाला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम. जो खुराक देतो त्याचा फोटो. ह्यात लपवायचं काय?"

"आणि त्यांनी पक्ष बदलला तर?"

"दोनदा बदलला की! फोटो तोच हाय. आमी माणसाचे, पक्षाचे न्हाई."

इतका सरळ माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. मी त्यांच्याकडचं पेलाभर दूध पिऊन निघाले, म्हणजे त्या पुढाऱ्याचं थोडं देणं आता माझ्याही अंगी लागलं.

दुसऱ्या दिवशी चारठाणा, तेही शकूच्याच सांगण्यावरून. ऊन कोवळं होतं आणि जुन्या देवळांचे दगड त्यात मऊ दिसत होते. एका खांबाला टेकून बसले तर डोळे मिटायला लागले. तेवढ्यात मागून आरडाओरडा ऐकू आला. मोकळ्या जागेत व्हॉलीबॉल रंगला होता. प्रत्येक फटक्याबरोबर एखाद्या उमेदवाराच्या नावाने शंख होत होता. एका बाजूला एका पक्षाची पोरं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या. शिट्टी वाजवणाऱ्या सरांना मी विचारलं, "मारामारी नाही होत?"

"जाळी हाय ना मधी, म्हणून चालतंय," ते म्हणाले. "खेळ झाला की एकाच टपरीवर चहा."

परतीच्या एसटीत मला अशी गाढ झोप लागली की झरी मागे पडलं. कंडक्टर वैतागून म्हणाला, "अवो मावशी, कवाच गेलं झरी!" आणि त्याने मला भर रानात उतरवलं. दोन्ही बाजूंना हरभरा, मध्ये रस्ता, आणि माणूस कुठेच नाही. वाटेत चार घाटे तोडून खाल्ले. सूर्य कलला होता, लांब कुणीतरी बैलाला हाक मारत होतं. ती हाक मला घेऊन चालली आहे असं वाटत राहिलं. इतकी वाट चुकून इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

शकूचं मैदान गावाच्या कडेला आहे. मऊ केलेली माती, चुन्याच्या रेघा आणि काठावर मोठा लिंब (कडुनिंब). लांबून वाटलं, लिंबाला फुलं आली आहेत. जवळ गेले तर ती उपरणी होती, निरनिराळ्या पक्षांची. कोणाचा रंग कोणता हे मी लिहीत नाही, वाचणारे आपापले रंग भरतील. निवडणूक लागली की इथे घरोघर उपरण्यांचे ढीग येऊन पडतात. पोरी त्यांनीच उन्हात तोंड बांधतात, त्यातच भाकरी गुंडाळून आणतात. शकूचा नियम असा की मातीत पाय ठेवायच्या आधी चपला काठावर आणि उपरणं लिंबाला. मग ते कुणाचंही असो.

"कुस्तीत माणूस एकटा असतो, व्हॉलीबॉलला जाळी असते," शकू म्हणाली. "आमच्या पोरींना हात धरून साखळी करावी लागती. कसं करावं?"

रात्री येसर आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) आणि गरम भाकरी जेवताना तिने खरी गोष्ट सांगितली. पुढच्या महिन्यात जिल्हा संघाची निवड होती आणि ती मॅटवर. मातीत वाढलेल्या पायांना मॅटवर काही सुचत नाही. इथले एक उमेदवार, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मॅट द्यायला तयार होते. फक्त रविवारच्या सभेत संघाने त्यांचा फोटो असलेल्या जर्सीत स्टेजवर बसायचं. कप्तान अर्चनाचे वडील मात्र समोरच्या पक्षाचे. त्यांनी घरी बजावलं होतं, स्टेजवर दिसलीस तर मैदान बंद. आणखी चौघींच्या घरी तेच. मॅट घेतली तर संघ फुटणार, नाही घेतली तर पोरी घसरणार.

दुसऱ्या दिवशी ऊन तिरपं झालं आणि भाऊंची जीप आली. भाऊ हसतमुख, तरतरीत, गळ्यात उपरणं. थेट रेघेपर्यंत आले तशी अर्चना आडवी आली.

"भाऊ, उपरणं लिंबाला."

बरोबरची माणसं थिजली. भाऊंनी खो खो हसत उपरणं काढलं, चपला काढल्या. "मी बी खेळलोय गं एके काळी," म्हणत ते चढाईला गेले. सगळ्या पोरींनी हात धरून त्यांना घेरलं. उडालेल्या धुळीत ऊन शिरलं आणि सगळंच सोनेरी, संथ झालं. त्या धुळीत उमेदवार कोण आणि कार्यकर्त्याची पोर कोण, मला काही कळेना. धूळ बसली तेव्हा भाऊ खाली आणि पोरी वर होत्या. मला भरून आलं.

कपडे झटकत भाऊ म्हणाले, "मग मॅडम, रविवारी यायलाव ना?"

शकू म्हणाली, "न्हाई भाऊ. मॅट अशीच दिली तर पोरी तुमचं नाव घेतील. स्टेजवर न्हाई येणार."

"अशीच कशी देता येईल? इलेक्शन हाय."

"मंग ऱ्हाऊ द्या."

भाऊ रागावले नाहीत. आपलं उपरणं शोधून गळ्यात टाकलं आणि गेले. मॅटही त्यांच्याबरोबरच गेली. अर्चना कुणाला दिसू नये म्हणून लिंबाआड जाऊन रडली. मग डोळे पुसून रेघेवर उभी राहिली.

सकाळी शकू मला एसटीपर्यंत सोडायला आली. शिदोरीची भाकरी एका उपरण्यातच बांधलेली होती. मला राहवेना. "शके, खरं सांग, तुझं मत कुणाला?"

तिने इकडेतिकडे बघितलं. "त्यालाच. भाऊलाच. दर बारीला त्यालाच देते. लय कामाचा माणूस हाय."

मी थांबलेच. "अगं, मग स्टेजवर का नाही गेलीस?"

"माझं मत माझं हाय, नले. पोरींचं मी कसं देऊ?"

घरी येऊन ते उपरणं धुतलं. पण झरीची काळी माती त्यातून पुरती गेली नाही. आमच्या मैदानाच्या मधोमध एक बदामाचं झाड आहे. आमचे दोन्ही प्रशिक्षक त्याखाली येऊन उभे राहतील का, असा विचार मी हल्ली रोज करते. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

निवड झाली त्या संध्याकाळी शकूचा फोन आला. मागे पोरींचा नुसता गलका चालला होता.

"घसरल्या गं. पहिल्याच मॅचला हारलो. एक बी निवडली गेली न्हाई."

मग तीच म्हणाली, "पन सगळ्याजणी एकाच टेम्पोत परत आलाव."