उन्हावरचा भात आणि गॅसचा नंबर

पार्ल्याला कुठलंसं व्याख्यान ऐकून बाबा घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातलं प्लास्टिक बंद झालं. वक्त्याने नेमकं काय सांगितलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. पृथ्वीची वाट लागलेली आहे आणि ती बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांतून वाचवायची आहे, एवढं बाबांनी बूट काढता काढता जाहीर केलं. मग जुन्या पँटींच्या पिशव्या झाल्या. गॅलरीतल्या कुंडीत भाजीच्या सालींचं खत मुरायला लागलं आणि खालच्या मजल्यावर चिलटं झाली. पिशव्या आईने शिवल्या, साली आईने बारीक चिरून टाकल्या, चिलटांवरून बोलणी आईने खाल्ली. बाबा ऑफिसात होते.

त्यानंतर आला सोलर कुकर. बाबा त्याला सूर्यचूल म्हणायचे. ही म्हणजे पत्र्याची जाडजूड पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आतून आरसा आणि पोटात काळ्या रंगाचे चार डबे. दोघा हमालांनी ती गच्चीवर नेऊन ठेवली. गच्ची आमच्या घराच्या बरोबर वर, त्यामुळे सोय झकास, असं बाबांचं मत. दहा वाजता डाळ-तांदूळ लावायचे आणि दर अर्ध्या तासाने पेटी सूर्याकडे वळवायची. एक वाजेपर्यंत भात तयार. आरशात कावळे स्वतःशी भांडायला यायचे, म्हणून त्यांनाही हाकलायचं. आई म्हणायची, "भात ऊन शिजवतं खरं, पण उन्हात मी शिजते त्याचं काय?" बाबांना हे विनोद वाटायचे.

यातली गंमत सांगू? हा भात बाबा फक्त रविवारी खायचे. एरवी ते सकाळी सातला घर सोडायचे, डबा घेऊन. सूर्य काही पहाटे पाचला पोळ्या भाजत नाही. त्या भाजायचा आमचा पंपाचा रॉकेलचा स्टो. आई उठून त्याला पिन मारायची, पंप मारायची, तो भडकायचा, काळा धूर सोडायचा, खोकल्यासारखा आवाज करून विझायचा, की परत पिन. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं ते चहा होईपर्यंत थांबायचं नाही. तिला खोकला तर बारा महिने. रेशनच्या दुकानात रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन आम्ही दोघी उभ्या राहायचो, आणि ती मला सांगायची, "आपला नंबर आला ना, की हा मेला स्टो मी भंगारवाल्याला देणार."

नंबर म्हणजे गॅसचा नंबर. मी पहिलीत होते तेव्हा आम्ही आणि समोरच्या काकूंनी एकाच दिवशी गॅससाठी नाव नोंदवलं होतं. तेव्हा गॅस मागून मिळत नसे, नशिबात यावा लागे. मी आठवीत गेले तरी आमच्या नशिबात नव्हता. आईने ती नोंदणीची पावती देव्हाऱ्यात, देवाच्या फोटोमागे ठेवली होती. दुसरं काही ती देवाकडे मागत असेल असं मला वाटत नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सोसायटीची सभा भरली. बाबांच्या आग्रहावरून ती गच्चीवर, सूर्यचुलीसमोर. पुरुष सतरंजीवर, आम्ही मुलं टाकीच्या सावलीत. आई खाली तीस जणांचा चहा करत होती, अर्थात स्टोवर. बाबांनी पेटी उघडली, वाफाळता भात दाखवला, सगळे वा वा म्हणाले. आता माणूस तिथे थांबला असता तरी चाललं असतं. पण बाबांना चढली. ते म्हणाले, "गेल्या आठवड्यात ऑफिसात जाता जाता टपालपेटी उघडली, तर गॅस एजन्सीचं कार्ड. आमचा नंबर आला! मी त्यांना लिहून दिलं, आमच्या घराला गॅसची गरज नाही. आमच्या डोक्यावर सूर्य आहे. नंबर पुढच्या गरजूला द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. बाप आपला, अभिमान वाटला. मग मागे वळून बघते तर जिन्याच्या दारात आई, हातात चहाचा ट्रे. डोळे रॉकेलच्या धुराने लाल झालेलेच होते, त्यामुळे कुणाला काही वेगळं दिसलं नाही. तिने प्रत्येकाला चहा दिला, बाबांनाही दिला. समोरच्या काकूंचे यजमान म्हणाले, "वहिनी, मानलं बुवा तुम्हाला." आई म्हणाली, "साखर बघा, कमी असेल तर सांगा."

सोमवारी पहाटे मला जाग आली ती शांततेने. स्टोचा आवाजच नाही. स्टो पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर गेला होता आणि आई आरामात वेणी घालत बसली होती.

"अगं, चहा?" बाबा.

"सूर्य वर येऊ दे की. दहापर्यंत होईल."

"आणि डबा?"

"एक वाजता या न्यायला."

बाबा हसले. त्यांना तेव्हा वाटलं, हीसुद्धा चेष्टाच. ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवले. मंगळवारी आईने त्यांना आदल्या दिवशीचा उन्हावरचा भात बांधून दिला. शिळं अन्न विष असतं हे बाबांनीच आम्हाला शिकवलेलं, पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार? बुधवारी ढग आले. त्या दिवशी आम्ही कुरमुरे खाल्ले, दोन्ही वेळा. आई एका शब्दाने भांडली नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं, तिचा तो शांतपणा बघून मलाच रडू येत होतं.

गुरुवारी पहाटे बाबांनी स्वतः स्टो खाली काढला. आयुष्यात पहिल्यांदा. पिन वाकडी घातली, पंप इतका मारला की रॉकेल वर आलं, आणि काडी लावल्यावर असा भडका उडाला की त्यांच्या उजव्या भुवईचे केस गेले. खोली काळ्या धुराने भरली. बाबा खिडकीशी जाऊन खोकत राहिले, खोकत राहिले. डोळ्यांतून धारा. आईने शांतपणे चावी सैल केली, ज्योत बसवली, चहाचं आधण ठेवलं.

"रोज असं होतं?" बाबांनी विचारलं.

"छे हो, रोज कुठे," आई म्हणाली. "पावसाळ्यात जास्त होतं."

बाबांनी चहा तसाच ठेवला आणि एजन्सी उघडायच्या आधी तिच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, तुमचं पत्र फाइलला लागलं. आता नवीन नाव नोंदवा." बाबा नवी पावती घेऊन आले आणि आईच्या हातात दिली. आईने ती वाचली, घडी केली आणि देव्हाऱ्यात न ठेवता कपाटात ठेवली. त्याच आठवड्यात समोर काकूंकडे सिलिंडर आला. काकूंनी पेढे दिले. आईने दोन घेतले.

पुढे सहा वर्षं गेली. पेटीचा आरसा फुटला, तिच्यात सोसायटीच्या बायका पापड ठेवायला लागल्या. बाबा आता रोज पाचला उठून स्टो पेटवायचे. चांगला पेटवायचे, खरं सांगते. पण आईचा खोकला घरचाच झाला होता, तो गेला नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना गॅस आला. जोडणारा माणूस गेल्यावर बाबा म्हणाले, "तू लाव." आईने काडी पेटवली, बटण फिरवलं. निळी ज्योत गोल उभी राहिली. धूर नाही, आवाज नाही. ती बघतच राहिली. मग बटण बंद केलं, परत फिरवलं, परत ज्योत आली.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच होतं?"

 बाबा दाराला टेकून उभे होते, आणि आम्ही तिघंही त्या ज्योतीकडे बघत राहिलो. चहाचं आधण ठेवायचं कुणाला सुचलं नाही.