ताम्हणातली पुंगळी

मी ब्रिटिश आर्मीत. सहा-सात वर्षांपूर्वी, एटी-नाइनला, माझं पोस्टिंग इंग्लंडातच होतं, एका ॲम्युनिशन डेपोत. रेंजवरून गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पोत्यांनी यायच्या. आधी जिवंत राउंड चुकून राहिलाय का बघायचं, मग धुलाई. नवी पोरं अमोनियावाल्या मेटल पॉलिशची बाटली आणायची. सार्जंट ओरडायचा, "नो अमोनिया!" अमोनियाने पितळ वरून चकाकतं आणि आतून तडकतं. आम्ही कोमट पाणी, थोडा साबण, हातमोजे आणि वेगळी बादली वापरायचो. पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्यात शिसं असतं; बार उडाला की त्याची काजळी आत बसते. म्हणून जेवणाखाणाच्या भांड्याला पुंगळी लावायची नाही.

नितीन माझ्याच तुकडीतला, लंडनच्या स्टॅनमोरचा. सरावात गाडी उलटली आणि तो गेला. अंत्यविधीला आम्ही मानवंदनेचे ब्लँक, म्हणजे बिनगोळीचे बार, फायर केले. सार्जंटने त्यातली एक पुंगळी नितीनच्या आईला, सुमनमावशींना दिली.

काही महिन्यांनी रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. मावशींनी हातावर तीर्थ घातलं. पिण्याआधी सहज ताम्हणात पाहिलं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि शेजारी ती पुंगळी.

"देवांबरोबर त्यालाही आंघोळ घालते रोज," मावशी म्हणाल्या. "शलाकालाही देते. बाळाला बापाचा आशीर्वाद."

शलाका, नितीनची बायको, गरोदर होती. तिने हात पुढे केलाच होता. मी तो धरला.

"थांब. पिऊ नकोस."

शिशाची काजळी पोटातल्या बाळाला बाधते, हे कारण सांगितलं. मावशी आधी चिडल्या. "अरे, मग चिंचेने घासते की सिंकमध्ये!"

"सिंकमध्ये नको, मावशी. चिंच पितळ खाते आणि शिसं घरात पसरतं."

शलाका हळूच म्हणाली, "आय'व्ह बीन ड्रिंकिंग इट एव्हरी डे."

"उद्याच जीपीकडे जा. ब्लड टेस्ट कर."

पुंगळी मी बागेत, बादलीत धुतली. पाणी काळं झालं. ते बाटलीत भरून डेपोत न्यायचं ठरवलं. मावशी दारात उभ्या होत्या.

"आता ठेवू देवात?"

"देवात नको. काचेच्या कपाटात ठेवा."

"म्हणजे तिथूनही काढायचं त्याला."

मी पुंगळी कोरडी पुसली आणि काचेच्या कपाटात ठेवली.

शलाकाच्या रिपोर्टमध्ये रक्तातलं शिसं थोडं वाढलेलं निघालं. "वेट अँड सी," डॉक्टर म्हणाले. बाळ येईपर्यंत त्या घरात कोणी मोकळेपणी जेवलं नाही. मी फोन करायचो आणि हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायचो.

मुलगी धडधाकट झाली. आता शाळेत जाते, बापासारखीच हट्टी आहे. नितीन लहानपणी तीर्थाला दोनदा हात पुढे करायचा, असं मावशी सांगतात. नातीने हात पुढे केला की मात्र तिच्या हातावर नुसता साखरफुटाणा ठेवतात.

"मावशी, आता द्या. आता काही धोका नाही," मी म्हणतो.

"तेव्हा तरी कुठे वाटला होता रे?" त्या म्हणतात, आणि ताम्हण उचलून आत नेतात.